मुळांवरच्या गाठी

ओल्या रानात वांगी सुकली, तर पहिला बोल कुणाला लागतो? पाणी देणाऱ्या बाईला. झेंडूचा वास आला की मला केजजवळचं ते रान आठवतं. आई तिथं मजुरीला होती. दुपारी झाडं माना टाकायची आणि मालक म्हणायचा, “पाणी देतीस का बांधावर बसून ऱ्हातीस?” एक दिवस तर तो म्हणाला, “उद्यापासून येऊ नको.” त्याच दिवशी मुळांतल्या जंतांच्या अभ्यासात जन्म घालवलेल्या एक म्हाताऱ्या शास्त्रज्ञ बाई रान बघायला आल्या. मालकानं झटक्यात एक झाड उपटलं. “बगा, मुळाला कायबी न्हाई.” बाई हसल्या. “अहो, निम्मी मुळं जमिनीतच तुटून राहिली की.” त्या चिखलात फतकल मारून बसल्या, आईचं खुरपं मागितलं, दुसरं झाड मातीसकट अलगद काढलं आणि बादलीत धुतलं. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. “डोळ्यांना न दिसणारे जंत आहेत आत. ते पाणी वर चढू देत नाहीत. या ताईंनी पाणी दिलंय, माती बघा.” आईचा हात त्यांनी चिखलासकट हातात धरला. “पुढच्या वेळी इथं झेंडू लावा, तो ह्या जंतांना आवरतो.” मालक पुटपुटला, “ये मंग उद्या.” आई म्हणाली, “यीन, पर बांधावर तुमी बसा, मी पाणी देती का बगायला.” आज माझ्या दारातही झेंडू आहे. तुमच्या रानात झाड सुकलं, तर उपटू नका. खुरप्यानं खणा, मुळं धुऊन बघा आणि मगच कुणाला बोला.