जीन कापायची कात्री आणि माझं लग्न

आमच्या घरात पत्रिका बघत नाहीत. आम्ही बौद्ध, ग्रहगोलांशी आमचं काही देणंघेणं नाही, हे मी पाहुण्यांना चहा यायच्या आधीच ऐकवायचो. कुणी विचारलेलं नसायचं, तरी. मग माझी अट सांगायचो: मुलीची सिकलसेलची तपासणी झाली पाहिजे. त्यानंतर चहा भराभर संपायचा आणि पाहुण्यांना एकदम कामं आठवायची.

"भाऊ, तू मुलगी बघायला चालला का रक्तपेढीत?" आई विचारायची.

अटीला कारण होतं. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, सिकलसेल आहे. तिच्या रक्तातल्या लाल पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की ती भिंतीकडे तोंड करून आम्हा सगळ्यांना शिव्या घालते. मी नुसता वाहक. मला काही होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून माझा नियम: वाहकाने वाहकाशी लग्न करायचं नाही. उधन्याच्या क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवताना, समाजाच्या मेळाव्यात, अगदी दुसऱ्यांच्या लग्नात जेवता जेवतासुद्धा मी हा नियम सांगत सुटायचो. लोक मला बघून ताट घेऊन दुसरीकडे जायचे.

मग आम्ही चलथाणला एक मुलगी बघायला गेलो. वडील साखर कारखान्यात, ती इच्छापोरच्या एका फॅक्टरीत माल तपासायच्या खात्यात. मी अट सांगितली. आईने डोळे मिटून घेतले. मुलगी म्हणाली, "करू की. तुमचा रिपोर्ट कुठाय?"

आजवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथेच गारद. परत येताना रिक्षात मी गाणं गुणगुणत होतो, असं ताई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

थोड्याच दिवसांत तिचा रिपोर्ट आला. ती वाहक.

नियमाप्रमाणे विषय संपला होता. नाही म्हणून कळवायला आईने फोन हातात घेतलासुद्धा. आणि मी, नियमवाला, काय म्हणालो असेन? "थांब जरा. विज्ञान पुढे गेलंय."

माझा रिपोर्ट त्यांनीही बघितला होता, म्हणून रविवारी ती आणि तिचे वडील नकार द्यायला आमच्याकडे आले. नकार फोनवर देऊ नये, समोर बसून द्यावा, असं त्या माणसाचं मत. पण मी त्यांना नकार द्यायला सवडच दिली नाही. क्लासमधला फळा उचलून आणून बैठकीत टेकवून ठेवला होता.

"जिवाणूंनासुद्धा विषाणू छळतात," मी सुरू केलं. हल्ल्यातून वाचलेला जिवाणू त्या विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो, सोसायटीचा वॉचमन चोराचा फोटो केबिनमध्ये लावतो तसा. तोच विषाणू परत आला की त्या तुकड्याची आरएनए प्रत कॅस नावाच्या प्रथिनाला वाट दाखवते, आणि कॅस त्या विषाणूचं डीएनए बरोबर तिथेच कापतं. ह्या सगळ्या यंत्रणेचं नाव क्रिस्पर. शास्त्रज्ञांनी काय केलं, वाट दाखवणारा तुकडाच बदलला, आणि कात्री आपल्याला हवी तिथे चालवायला लागले. पिकांत, उंदरांत, शेवटी माणसांत.

"सिकलसेलवर तर उपचारच आलाय!" मी खडू आपटला, तो मोडला. आईच्या पोटात असताना आपल्या अंगात एक वेगळं हिमोग्लोबिन बनतं. जन्मल्यावर ते बंद पडतं. तर पेशंटच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, ते बंद करणारं बटणच कापायचं, आणि पेशी परत अंगात सोडायच्या. जुनं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू, पेशी वाकायच्या थांबतात.

"सिव्हिल हॉस्पिटलला मिळतं हे?" वडिलांनी विचारलं.

"अजून नाही. परदेशात मिळतं. किंमत विचारू नका. आणि आधी केमो घ्यावी लागते, ते सोपं नाही. पण आपल्याकडेही काम चाललंय. पाच-सात वर्षांत येईल. दहा धरा."

"थोडं थांबा, पुढचा काळ चांगला आहे," मुलगी म्हणाली. "आमच्या गल्लीतला ज्योतिषी पण एवढंच सांगतो. तो निदान अंगठी तरी देतो."

तिचे वडील खो खो हसले. आईने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होतेच. माझे कान तापले. जन्मभर ज्योतिष्यांवर तोंडसुख घेतलं, आणि इथे उभा राहून भविष्यच सांगत होतो की मी!

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्या दिवशी तिचे गुडघे दुखत होते. तिने माझ्याकडे बघितलं.

"ती तुझी कात्री आलीच नाही तर? माझ्यासारखी पोरगी झाली, तर हवी का तुला?"

कुठल्याही विषयावर पाऊण तास बोलणारा माणूस मी. शक्यता, तपासण्या, सगळं जिभेवर होतं, पण तिने ते विचारलंच नव्हतं. नको म्हणालो असतो तर तूच नकोस असं तिच्या तोंडावर म्हणणं झालं असतं. हवी म्हणायचं, तर ती कशी विव्हळते ते लहानपणापासून ऐकत आलोय. मला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती.

"मला हवी," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांना आधी विचारू, जे करता येतं ते करू. पण झालीच तर हवी."

"तुला नाही विचारलं. ह्याला विचारलं."

"हवी," मी म्हणालो. आणि मी रडायलाच लागलो. नकार द्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर, मोडका खडू हातात धरून, हमसून हमसून.

"चारचौघांत रडतो मेला," ताई म्हणाली. भिंत धरत धरत ती आली, हळूच माझ्या शेजारी बसली, आणि मुलीच्या वडिलांकडे वळली.

"काका, द्या पोरगी. झालंच तसं लेकरू, तर दुखायला लागल्यावर काय करायचं ते मला माहितीये."