बोलणी खायचा हक्क

पन्नासच्या दशकात मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. हिवाळा लागला की तंबू, कंदील नि औषधांची पेटी बैलगाडीत घालून आम्ही तिघी गावोगाव निघायचो: मी, अमेरिकेहून आलेल्या मडम आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, बायबलबाई. बाई वयानं मोठ्या, बायांत बसून शास्त्र सांगणाऱ्या, तोंडानं फटकळ. मला त्यांचा धाक होता नि लळाही.

त्या वर्षी रविवारच्या भक्तीत जाहीर झालं, की यापुढे परदेशातली मंडळी नि आमची मंडळी बरोबरीनं काम करणार. मडमनी लगेच आपला वेगळा स्वयंपाक बंद केला. आमच्याच चुलीवरची भाकर, आमच्याच सतरंजीवर. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण उद्या कोणत्या गावाला जायचं, हे अजून त्याच ठरवायच्या.

कामरगावजवळ तंबू पडला होता. मडमना तिथला आठवडी बाजार धरायचा होता, गावोगावचे रोगी एका जागी भेटतात म्हणून. बाई पहिल्यांदाच आडव्या आल्या.

"नाही. धनजले जाऊ. तिथं एक बाई वाट पाहून राह्यली. म्या शब्द देला तिले."

मडम हसून "बरं" म्हणाल्या. एवढ्या वर्षांत बाईंचं म्हणणं प्रथमच चाललं होतं. ते खरं ठरू दे, म्हणून वाटभर माझाच जीव टांगणीला.

धनजला त्या घराला कुलूप! सगळं घर कापूस वेचायला दूरच्या वावरात गेलेलं. ऐन हंगाम, आणि ते बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. इकडे बाजारही हुकला.

परतताना मडम एका अक्षरानंही रागावल्या नाहीत. उलट आपली शाल बाईंच्या अंगावर घातली. किती भल्या या मडम, असं मी मनात म्हणतेय, तोच गाडीतून उतरल्याबरोबर बाई उसळल्या.

"मी चुकली ना? मंग मले बोलत काहून नाही?"

"तुम्ही थकलात," मडम म्हणाल्या.

"तुमच्या देशातल्या बाईनं असं केलं असतं, तर तिले बोलल्या असत्या की नाही? मले काय लेकरू समजता?"

बाईंचे डोळे भरून आले होते. मग मडम कमरेवर हात ठेवून आपल्या अडखळत्या मराठीत म्हणाल्या, "चुकलं तुमचं! हंगाम आहे, आधी विचारायला पाहिजे होतं. बाजार गेला. मला फार राग आला आहे."

"हां, आता कसं!" बाईंनी शालीनंच डोळे पुसले. सतरंजीवर बसल्या, सरकून शेजारी जागा केली. "बसा इथं. उद्या कुठं जायचं, त्यावर भांडू."