नेलपॉलिशचा थेंब

धाटावच्या एका कंपनीत गुणाजीने तीस वर्षं फिटर म्हणून काढली. त्याने आवळलेला नट सुटला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. रिटायर होऊन कासूला घरी बसला आणि सगळा जीव बेंजोत ओतला. तारा छेडत बटणं दाबून वाजवायची ती लांबट पेटी. गावच्या पालखीपुढे सव्वीस वर्षं गुणाजीचीच वाजते. माणूस देवमाणूस, पण तोंड म्हणाल तर तोबा! सून किमया नखं रंगवायला बसली की ह्याची टकळी सुरू, असली नखं घेऊन भाकऱ्या कशा थापणार म्हणून. ती आपली हसायची आणि पुढचं बोट रंगवायला घ्यायची.

यंदा पालखी दोन दिवसांवर आली आणि बेंजोच्या पट्टीचे दोन स्क्रू ढिले झाले. स्क्रू केवढे, तर तांदळाच्या दाण्याएवढे. पण हात पडला कंपनीचा! आवळले, आणखी आवळले, आणि आटे गेले. आता एक गाणं वाजलं की स्क्रू बाहेर. पाइपाच्या आट्यांना सुतळी गुंडाळतात तसा ह्यांना बारीक दोरा गुंडाळायचा आणि वर नेलपॉलिश सोडायचं, की वाळून गच्च बसतील, एवढं त्याला ठाऊक होतं.

अडचण निराळीच होती. काही महिन्यांपासून बारीक काही चिमटीत धरलं की त्याची बोटं थरथरायची. बटणं दाबताना नाही, पण हे कोण ऐकून घेणार? पालखीच्या मंडळाला कळलं तर बेंजोचा मान मंडळातल्या तरण्या जितेशकडे जाणार, आणि बेंजो गेल्यावर गुणाजीला पालखीत विचारतो कोण? म्हणून त्याने बायकोला, बायजाबाईलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

दुपारी घर निजलेलं बघून त्याने सुनेची बाटली पळवली. दोरा कसाबसा गुंडाळला, पण ब्रश उचलला तो लाल थेंब बेंजोवर, लुंगीवर, लादीवर. स्क्रू सोडून सगळीकडे! वर बघतो तर दारात किमया. चोरी पकडली गेली, तरी म्हातारा ब्रशलाच नावं ठेवू लागला.

ती आत आली. बाजूला बसली, ब्रश घेतला आणि पहिल्या स्क्रूवर नेमका थेंब सोडला.

गुणाजीचा आवाज खाली गेला. "हात कापतो गो माझा."

"ठाव हाय, बाबा. म्हणून तर दिवाळीपासून तुमाला अर्धा अर्धा कप चहा दोनदा देते. भरलेला सांडतो ना."

आणि हा शहाणा गावभर सांगत सुटला होता, की सून चहाला चिकट आहे!

"वाजवायचं तुमी," किमया म्हणाली, "स्क्रूचं मी बघते."

गुणाजीने दुसरा स्क्रू चिमटीत उचलला. बोटं थरथरू लागली. त्याने ती लपवली नाहीत, तशीच तिच्यापुढे धरली.