बाराव्या दिवसाआधीचं नाव

मी वनमाला, ब्राह्मणपाऱ्यातली. रेल्वेच्या हापिसात एकतीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले. लग्न केलं नाही. आई गेल्यावर लहान भावाले, भार्गवले, मीच वाढवलं. तो आता हॉलंडात असतो. त्याच्या बायकोले, यामिनीले, पोट्टी झाली, म्हणजे मी आत्या झाली! बारशाले बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आयुष्यात असा एकच मान माह्या वाट्याले आला. नाव ठरवूनही ठेवलं होतं, पण बाराव्या दिवसाआधी ते तोंडातून काढायचं नसते.

तिसऱ्याच दिवशी भार्गवचा फोन. "ताई, नाव सांग लवकर. मी नगरपालिकेच्या खिडकीपाशी उभा आहो. इथं तीन दिवसांत नोंद करा लागते."

"अरे, 'यामिनीची मुलगी' लिहून दे ना. आपल्याकडे तसंच लिहितात, नाव मागून चढवतात."

"ते चालत नाही म्हणते इथली बाई."

"मग तिले बारसं समजावून सांग!"

"सांगितलं. ती म्हणते, आत्याले विचारून या."

मले काही समजूनच नाही राहिलं. हे कसलं सरकार, ज्याले नऊ दिवस दम निघत नाही? रिकाम्या रकान्याचा फॉर्म मीही कधी घेतला नाही म्हणा. पण हे बारसं होतं, काही फॉर्म नव्हता! "नाही सांगत, जा," म्हणून फोन बंद केला. मग दिवसभर फोन उचलून उचलून ठेवला. सांगायले पाहिजे होतं का?

संध्याकाळी त्यानं कागदाचा फोटो पाठवला. चष्मा लावून पाहिलं. बाळाचं नाव: वनमाला.

"गधड्या, जित्या माणसाचं नाव ठेवतात का?" मी फोनवर ओरडली.

"मले दुसरं काही सुचलंच नाही, ताई."

राग येऊन राहिला होता का रडू, मलेच कळेना.

बाराव्या दिवशी शेजारणी जमल्या. तिकडे यामिनीनं मोबाईल पोट्टीच्या कानाशी धरला. इकडे मी "कुर्रर्र" केलं, शेजारणींनी रिवाजाप्रमाणे माह्या पाठीत धपाटे घातले. ठरवलेलं नाव जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. आई गेल्यापासून मले कोणी नावानं हाक मारली नव्हती. ताई, दीदी, मॅडम, बस.

"वनमाला," मी हळूच म्हटलं. तिकडे पोट्टी रडायले लागली, अन् इकडे मी.