आमच्या लाइनची बोली

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही बाया विजेची बटणं जोडायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला आमच्या लाइनची सुपरवायझर केलं. कालपर्यंत ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्या बायका मी जवळ गेले की गप्प व्हायला लागल्या. सगळ्यात अवघड होत्या आक्का. लाइनवर सगळ्यांत जुन्या त्याच. मला "मॅडम" म्हणायच्या, पण त्या एका शब्दात असा काही कडकपणा असायचा की पुढची सूचना न देताच मी परत फिरायचे.

अशात कामगारभरती बघणाऱ्या पर्सोनेलच्या साहेबांनी बोलावून घेतलं. चांदवडकडची एक मुलगी उद्यापासून येणार होती. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं.

"जमलं तर ठेवा, नाहीतर महिन्याभरात सांगा," साहेब म्हणाले.

मी घाबरले. शेजारच्या शेडमधल्या प्रेस मशिनच्या आवाजात ऐकू येणाऱ्यांशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. हिला काम समजवायचं कसं? पहिल्या दिवशी मी चित्रं काढून दाखवली, तोंड मोठं करून बोलले. ती नम्रपणे बघत राहिली. तेवढ्यात आक्का उठल्या, तिचा दंड धरून तिला आपल्या शेजारी बसवलं.

"मॅडम, तुमी जा. आमी बघतो."

मला राग आला, पण दुसरं काही सुचत नव्हतं. मी गेले.

पुढच्या काही आठवड्यांत लाइनवर हातांच्या खुणा दिसायला लागल्या. हवेत बोट गोल फिरवलं की स्प्रिंग. चिमूट पिळली की स्क्रू. पोटावरून हात फिरवला की मोठे साहेब येताहेत! ती मुलगी खूण दाखवायची, आक्का उचलायच्या, मग पलीकडच्या दोघी, मग सगळी लाइन. ज्या आवाजात आम्ही वर्षानुवर्षं घसा फोडत होतो, त्याच आवाजात या बाया आता लांबच्या टोकापर्यंत निवांत गप्पा मारत होत्या. स्प्रिंग संपायच्या आधीच शेवटच्या टोकाहून ट्रे निघायचा. यातलं काहीही मी सांगितलेलं नव्हतं.

एकदा दुपारी मी पाठमोरी उभी होते. एका बाईच्या ओढणीचं टोक एप्रनमधून सुटून सरकत्या पट्ट्याच्या रोलरमध्ये गेलं. ती किंचाळली असणार, पण मला काहीच ऐकू आलं नाही. नंतर कळलं, समोरून त्या मुलीनं ते पाहिलं आणि दोन्ही मनगटं डोक्यावर फुलीसारखी धरली. आक्कांनी तशीच धरली. मी वळले तेव्हा त्या फुल्या एकीकडून दुसरीकडे पळत निघालेल्या दिसल्या आणि टोकाच्या बाईनं बटण दाबून पट्टा थांबवला. ओढणी फाटली. मानेला साधं खरचटलंही नाही.

मी पट्ट्याची कड धरून उभी राहिले. आक्का जवळ आल्या.

"बसा जरा. पानी प्या."

"आक्का, हे तुम्ही कधी ठरवलंत?"

"ठरवायचं काय त्याच्यात? झालं आपोआप." मग जरा हसून म्हणाल्या, "तुमाला बी खूण हाय."

त्यांनी एक बोट नाकावर ठेवून, मी नेहमी करते तसं, चष्मा वर सरकवल्यासारखं केलं. सगळी लाइन हसली, ती मुलगीही. त्यांच्या बोलीत मलाही नाव होतं, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की डोळे भरून आले.

महिना भरल्यावर साहेबांनी विचारलं, "काय करायचं?"

"ठेवायचं," मी म्हणाले. "आणि नव्या मुली आल्या की त्यांना शिकवायला तिच्याकडेच द्यायच्या."

पुढे माझ्याकडे आणखी लाइनी आल्या. दोन हजार सालानंतरची गोष्ट, एका दुपारी मी कँटीनमध्ये ताट घेऊन उभी होते. दुसऱ्या शेडमधल्या, मी कधी न पाहिलेल्या दोन मुली, एक दारात आणि एक खिडकीशी, आज भाजी काय आहे ते एकमेकींना हातांनी, आमच्याच लाइनच्या खुणांत, सांगत होत्या. गर्दी मला ओलांडून पुढे जात होती. मी ताट हातात धरून बघतच राहिले.