बॉनेटवरचं स्वस्तिक

लालबागच्या एका दुकानात मी माझ्या काळ्या गाडीसाठी पॉलिशर बघत होतो. वॅट, वजन, मिनिटाला फेरे, सगळं विचारून झालं होतं. शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ प्रत्येक मशीनचा स्पंज डोळे मिटून मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहत होता.

"साहेब, गाडीला लावायचाय की गालाला?" दुकानदाराने विचारलं.

तो हसला. मग मला म्हणाला, "गेल्या दसऱ्याला आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बोटात अंगठी होती. गडद निळा रंग, ओरखडे उठले. मी काही बोललो नाही हो, पण तिला दिसलेच. यंदा म्हणते, सुनेला काढू दे."

मी त्याला डबल ॲक्शनचं मशीन सुचवलं. नुसतं गोल फिरणारं जोरात घासतं, नवख्या हातून रंग जळतो. मात्र खोल ओरखडे याने पूर्ण जाणार नाहीत, हेही सांगितलं.

"पुसट झाले तरी बास. आईला सांगेन, धूळ होती, पुसली."

दसरा परवावर आला होता. मशीन काखेत धरून त्याने विचारलं, "तोवर जमेल ना?"

एरवी खात्री नसताना मी कशालाच हो म्हणत नाही.

"जमेल," मी म्हटलं.