कॉम्प्युटरात तुटलेला ऊस

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी जुन्नर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या गट ऑफिसात कॉम्प्युटर चालवायचे. कारखाना आता राहिला नाही. ऑफिसच्या खिडकीतून आत्याचं रान दिसायचं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. एकटी बाई, पाऊण एकर ऊस, आणि वर्षाचं सगळं त्याच्यावर. ऊस वेळेत तुटला तर ठीक, नाहीतर त्याला तुरा येतो, आतून पोकळ पडतो नि वजन जातं.

कोणाचा ऊस कधी तोडायचा, ते मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटरातला डेटाबेस ठरवायचा. रोज सकाळी माझा कॉम्प्युटर फोनच्या लाइनवरून त्याला गाठायचा. त्याने सर्टिफिकेट, म्हणजे आपलं ओळखपत्र, दाखवायचं, माझ्या कॉम्प्युटरने तपासायचं, मगच बोलणं सुरू. पण तपासायचं काय, तर शिक्का खरा आहे का, एवढंच. सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं आहे ते बघायचंच नाही! सोयरीक जमवताना मुलाची पत्रिका आहे ना एवढंच विचारावं आणि ती भलत्याचीच निघावी, तसला प्रकार.

संक्रांतीच्या सुमारास मुख्य ऑफिसला रंग द्यायचं काम निघालं, आणि तारा परत जोडताना आमची लाइन शेजारच्या चाचणीच्या कॉम्प्युटरला लागली. त्याच्याकडेही खऱ्या शिक्क्याचं सर्टिफिकेट होतं, फक्त नाव त्याचं स्वतःचं. माझ्या येड्याने शिक्का पाहिला आणि हिरवी खूण दिली. हंगाम संपल्यावरचा रिपोर्ट कसा दिसतो ते बघायला पुण्याच्या इंजिनियरने त्या चाचणीच्या कॉम्प्युटरात आमच्या गटाचा सगळा ऊस तुटला असं भरून ठेवलेलं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या सकाळी दिसलं ते एवढंच: शिल्लक ऊस शून्य.

गट अधिकारी नुकतेच बदलून आलेले. ते खुर्चीतच उडाले.

"साहेब, खिडकीतून बघा की जरा," मी म्हटलं. "ऊस उभा आहे."

"तो खोडवा असेल." तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटतो, तो खोडवा.

"दोन पुरुष उंच खोडवा? एका रात्रीत?"

"जमीन चांगलीय इकडची," साहेब म्हणाले. चेष्टा नव्हती हो ती! पुढच्या क्षणी त्यांनी चेअरमनना फोन लावला, की आमचा गट सगळ्यांत आधी उरकला. मुख्य कॉम्प्युटर उघडून बघायची तसदी तिकडेही कोणी घेतली नाही. तोडणीच्या टोळ्या आंबेगावकडे गेल्या आणि साहेबांचा सत्कार ठरला.

मी रोज भांडायचे, आणि साहेब रोज हिरव्या खुणेवर बोट ठेवायचे. आठवडे गेले. उसाला तुरे दिसायला लागले तशी आत्या ऑफिसात आली.

"सायेब, माझा ऊस उभा हाय."

"मावशी, तुमचा तुटलाय. सर्टिफिकेट तपासून आलेली माहिती आहे ही."

"मंग सकाळी मी कशाला पाणी दिलं? भुताला?"

साहेबांनी तिला ऊस उभा असल्याचा दाखला आणायला सांगितलं. संतापाने मला रडू आलं.

सत्काराच्या मांडवाच्या खांबांना ऊस बांधायचा होता. तो कोणाकडे मागावा? साहेबांनी शिपाई पाठवला आत्याकडेच! "न्या की," आत्या म्हणाली, "नसलेल्या उसातला न्या. लई हाय."

सत्कार ऑफिससमोरच झाला. साहेबांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि खिडकीच्या बाजूने धूर उठला.

"कसला हो धूर?" चेअरमननी विचारलं.

"पाचट पेटवलं असेल," आमचे साहेब म्हणाले. "तोडणी झाल्यावर राहिलेला पाला पेटवतात."

ज्वाळा मांडवाच्या वर दिसायला लागल्या तरी साहेबांचं पाचटच चाललेलं. मग आत्याच मांडवात आली. हात कोपरापर्यंत काळे.

"माझा ऊस पेटलाय," ती म्हणाली. "जळीत लिवून घ्या."

जळिताला नंबर लागत नाही. वजनात कपात होते, पण टोळी तातडीने द्यावीच लागते. काडी कोणी लावली हे मांडवात कोणी विचारलं नाही. चेअरमन स्वतः बांधावर गेले, जळता ऊस बघून आले आणि त्यांनीच टोळी बोलावली. संध्याकाळी टोळी आली.

दुसऱ्या दिवशी पुण्याचा इंजिनियर आला. त्याने लाइन जागेवर लावली आणि सर्टिफिकेटवरचं नावही तपासायची सोय केली. माझा कॉम्प्युटर कितीतरी दिवसांनी खऱ्या डेटाबेसशी बोलला. आमच्या गटाचे नंबर रंगकामाच्या दिवशी जिथे थांबले होते तिथेच होते. सगळ्यांत वर, पहिला नंबर, आत्याचा. लाइन चुकली नसती तर त्याच दिवशी टोळी तिच्या रानात असती.

तेवढ्यात आत्या दारात. "झालं का गं नीट?"

"झालं."

"मंग माझा नंबर कधी व्हता?"

मी स्क्रीन बंद केला. "लई लांब होता, आत्या."

"बरं झालं मंग पेटवला," ती म्हणाली.